एका ‘च’चा हंगाम

धान कापून झालं, शेतातल्या बांध्यांमध्ये धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे उभे राहिले, की आमच्या नागभीडकडच्या माणसांचे पाय घरात ठरत नाहीत. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मग शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. आणि जिथे पट तिथे नाटक हे ठरलेलंच. यंदाही परवा सकाळी घरासमोरून एक जीप गेली. टपावर दोन भोंगे आणि त्यांतून रेकॉर्ड केलेला आवाज. मी दाढी करत होतो. सुप्रसिद्ध, सुपरहिट, धमाकेदार, खास आणि भव्य अशी पाच विशेषणं कानावरून गेली आणि नाटकाचं नाव यायच्या आत जीप वळणावरून दिसेनाशी झाली. कुठलं नाटक, कोणत्या गावी, काही कळलं नाही. हातातला वस्तरा तसाच राहिला आणि मनातल्या मनात पेन्सिल फिरायला लागली. हे काढ, ते काढ, नाव आधी आण. सत्तरी जवळ आली तरी खोड जात नाही.

या खोडीवर माझं पोट भरलं. पुढे बियाण्यांच्या कंपन्या, सिमेंटचे डीलर, शिकवण्या, दवाखाने, सगळ्यांसाठी लिहिलं. कचेऱ्यांतल्या कारकुनांना पत्रं कशी लिहावीत हे शिकवायलाही गेलो. पण धानाच्या काडाचा वास नाकात शिरला की आठवतो तो एकच हंगाम. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि प्रेसवाल्यांची चांदी होती. वैनगंगेपलीकडच्या सगळ्या शाळांना, सोसायट्यांना आणि दुकानदारांना नवं लेटरहेड हवं होतं.

मी बी.ए. होऊन दोन वर्षं घरी होतो. वडील रेल्वेत गँगमन. मुलानं साहेब व्हावं ही त्यांची साधी इच्छा, आणि मुलगा रोज सकाळी स्टेशन रोडवरच्या प्रेसमध्ये जाऊन बाकावर बसायचा. लोकांनी विचारलं, “पोरगा काय करून राह्यला जी?” की ते म्हणत, “प्रेसवर बसते.” याहून जास्त त्यांना सांगता येत नसे, आणि खरं तर मलाही नसे. मी नोकर नव्हतो. कोणी हँडबिल छापायला आला आणि त्याला मजकूर सुचेना, तर तो मी लिहून द्यायचा. खानावळीचं उद्घाटन, हरवलेला बैल, राइस मिलची सूचना, जे येईल ते. हँडबिलाला आमच्याकडे परचा म्हणत, आणि मला मास्तर. कुठल्याच शाळेत नसताना हे नाव कसं पडलं कोण जाणे.

प्रेस दामोदरभाऊंचं. पायानं चालवायचं एकच ट्रेडल मशीन आणि भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या पेट्या. एकेक अक्षराचा खिळा उचलून ते स्वतःच मजकूर जुळवत. सातवी शिकलेला हा माणूस माझा खरा गुरू. कापडाच्या दुकानासाठी मी पहिला परचा लिहिला होता, “वस्त्रप्रावरणांचे अद्वितीय दालन”. दुकानदारानं कागद उलटसुलट करून पाहिला.

“दालन म्हंजे काय जी?”

“दुकान.”

“मंग दुकानच लिवा ना. लोकं दालन हुडकत फिरन.”

तो गेल्यावर दामोदरभाऊ खिळ्यांतून मान वर न करता म्हणाले, “तू परचा कोनासाठी लिवून राह्यला? मानूस पाटावर बसून नाई वाचत. तो एका हातानं सायकल धरून वाचते. त्याले ‘म्हंजे काय’ म्हनाची पाळी आली, का परचा गेला नालीत.” मग त्यांनी मला पानठेल्यावर पाठवलं. तिथे जो कोणी उभा असेल त्याला मजकूर वाचून दाखवायचा, आणि जिथे तो कपाळाला आठी घालील तो शब्द काढून टाकायचा. बी.ए.ला मराठीत मला बरे मार्क होते. पानठेल्यावर मी रोज नापास व्हायचो.

त्या वर्षी मंडई सुरू व्हायच्या सुमाराला शेजारच्या एका मोठ्या गावच्या नाट्यमंडळाचा माणूस आला. तोवर आमच्या भागात गावचीच माणसं नाटक करत आणि बाईचं कामही पुरुषच करत. आता नागपूरहून नट्या यायला लागल्या होत्या. छोट्या लाईनच्या गाडीनं त्या नागभीडला उतरत, पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि सगळं स्टेशन बघत राही. “खास नागपूरच्या बाया आनून राह्यलो,” तो माणूस म्हणाला. “ते मोठ्या अक्षरात पायजे.”

मी लिहिलं, “स्त्री-भूमिकांमध्ये नागपूरच्या ख्यातनाम स्त्री-कलावंत.”

दामोदरभाऊंनी कागद परत केला. “माह्यापाशी मोठ्या टायपात ‘स्त्री’ दोनच हायत. अन त्यातल्या एकीची वेलांटी तुटली हाय.”

मंडळाचा माणूस वैतागला. “येवढं कशाले पायजे जी? आमच्या गावात सारे एकच बोलून राह्यले, का यंदा बाईचा पार्ट बाईच करणार.”

दामोदरभाऊंचा हात पेटीवरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी आधीचं सगळं खोडलं आणि त्या माणसाच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. “बाईचा पार्ट बाईच करणार!” पानठेल्यावर वाचलं तर तिथला माणूस पान चघळायचा थांबून म्हणाला, “कोन्या गावाले?” त्या दिवशी मी पास झालो. आयुष्यात पुष्कळ ओळी लिहिल्या, पण इतकी चांगली ओळ पुन्हा लिहिली नाही, आणि तीही माझी नव्हतीच. मी फक्त ऐकली होती.

त्या नाटकाला गर्दी इतकी झाली की कनातीचे बांबू मोडले. मग काय, जो तो मंडळवाला येऊन तीच ओळ मागू लागला. ब्रह्मपुरीकडचे, सिंदेवाहीकडचे, वडशाकडचे. रोज जुळवायचा कंटाळा आला म्हणून दामोदरभाऊंनी त्या ओळीचे जुळवलेले खिळे सुतळीनं बांधून कपाटावर ठेवून दिले. परचा आला की ओळ खाली काढायची, आत बसवायची आणि छापून झाला की पुन्हा वर. मी तेव्हा फार खुशीत असायचो. सायकलवरून जाताना भिंतीवर, हॉटेलात, बैलगाडीच्या दांडीला चिकटवलेली ती ओळ दिसली की उगाच घंटी वाजवायचो. ही ओळ कोणाला लागत असेल हे मनातही आलं नाही. काय लागणार? ती खरी होती.

काशीरामभाऊ प्रेसमध्ये आले ते असेच एका दुपारी. चिचटोला गावचे धानकरी, वय चाळिशीच्या आतबाहेर. अंगकाठी बारीक, खांदे उतरते, केस मानेपर्यंत वाढवलेले. अठरा वर्षं ते चिचटोल्याच्या मंडळात बाईचं काम करत होते. मी शाळेत असताना त्यांची नाटकं पाहिली होती. माझी आई त्यांच्या नाटकाला निघायची तीच रडायची तयारी करून, आणि परत येताना म्हणायची, “काशी अशी रडते का आपल्याले आपलं माहेर आठवते.” आई त्यांना ‘रडते’च म्हणायची, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. एरवी त्यांचा आवाज शेतात हाका मारून घोगरा झालेला. पण बोलता बोलता त्यांचा उजवा हात खांद्याकडे जाई, तिथे नसलेला पदर नीट करून खाली येई.

त्यांनी खिशातून मंडळाची चिठ्ठी काढली. नाटकाचं नाव, संगीत ‘पदराखाली निखारा’. खाली पात्रांची यादी. नायिकेच्या पुढे नागपूरच्या एका कुमारीचं नाव होतं. मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. काशीराम हे नाव कुठेच नव्हतं.

“तुम्ही कसे आलात?” मी विचारलं.

“मले यंदा तालमीत काम नाई ना जी. मोकळा होतो, तं मलेच धाडलं.” मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, “ते वाक्य टाका म्हनलं हाय मंडळानं. तुमचं, बाईचं.”

मी मान खाली घालून लिहू लागलो. दामोदरभाऊ जेवायला गेले होते, प्रेसमध्ये आम्ही दोघंच. काशीरामभाऊ बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले.

“एक विचारू का, मास्तर? राग नोका मानू. त्यातला तो ‘च’ काढता येईन का?”

“च?”

“बाईचा पार्ट बाई करणार. येवढंच. करून राह्यली तं करून राह्यली, ते खरंच हाय. बाईचं काम बाईनं केलं तं चांगलंच हाय. पन ‘च’ लावला का असं वाटते, आजवर कोनी करतच नव्हतं.”

मी भाषा शिकलो होतो. अव्ययं पाठ केली होती. ‘च’ हे जोर देण्यासाठी वापरतात हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तो जोर कुठून येतो आणि कोणावर पडतो हे मात्र त्या दुपारी कळलं. ‘बाईच’ म्हटलं की बाई उभी राहते आणि तिच्या शेजारी उभा असलेला कोणीतरी बाहेर ढकलला जातो. मी रोज पन्नास ठिकाणी ‘च’ लावत होतो. शुद्धच तूप, अस्सलच सागवान. तिथे ढकलले जाणारे तूपवाले आणि लाकूडवाले माझ्या समोर येऊन बसत नव्हते.

“काढतो,” मी म्हणालो. खरंच बरं वाटलं तेव्हा. एका अक्षराचं काम, त्यात काय? मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, “बाईचा पार्ट बाई करणार”, त्यांना वाचून दाखवलं, कागद दामोदरभाऊंच्या टेबलावर दगडाखाली ठेवला आणि दुसऱ्या एका कामासाठी ब्रह्मपुरीची एस.टी. पकडली. सांगून जायला हवं होतं. ‘च’ मुद्दाम काढला आहे, एवढे चार शब्द कागदाच्या कडेला लिहायला हवे होते. आजही कोणाचा मजकूर तपासताना कडेला ‘मुद्दाम’ असं लिहितो तेव्हा माझं मलाच हसू येतं, आणि ते हसू फार चांगलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आलो तर परचे छापून, सुकवून, गठ्ठा बांधून तयार. दामोदरभाऊ खुशीत होते. “तुही चूक म्या दुरुस्त केली,” ते म्हणाले. “घाईत ‘च’ खाल्ला होता तू. बरं झालं ते वाक्य बांधून ठेवलं होतं, तेच बसवलं.”

मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. बराच वेळ बोटांची शाई फडक्यानं पुसत राहिले. “येवढं बारीक मले काय माहीत,” म्हणाले. त्यांच्यावर मी रागावलो नाही. त्यांनी मला जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं होतं. चांगली ओळ बिघडू दिली नव्हती. मंडळानं दिलेला कागद संपला होता आणि पट चार दिवसांवर आला होता. मग आम्ही दोघांनी एक वेडेपणा केला. काडीला शाई लावून एकेका परच्यावरचा ‘च’ काळा करू लागलो. वीस-पंचवीस झाल्यावर एक लांब धरून पाहिला. सगळ्या मजकुरात तो काळा ठिपकाच आधी दिसत होता. जो वाचील तो विचारणार, इथे काय होतं? आम्ही काडी ठेवून दिली.

काशीरामभाऊ गठ्ठा न्यायला आले. त्यांनी वरचा परचा उचलला, बोट ओळीवरून सरकत गेलं आणि त्या अक्षरापाशी थांबलं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, दामोदरभाऊंनीही मागितली. त्यांनी काळा केलेला एक परचा उजेडाकडे धरला. “दिसतेच हाय,” ते म्हणाले. “राहू द्या. छापलं ते छापलं.” गठ्ठा खांद्यावर टाकला आणि गेले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री आणि नंतरचे दोन दिवस मी त्यांच्यासाठी वेगळा मजकूर लिहायचा प्रयत्न केला. वाटलं, एका अक्षरानं गेलं ते एका ओळीनं परत आणू. लहानसा परचा, माझ्या खर्चानं, फक्त काशीरामभाऊंवर. “अठरा वर्षं ज्यांनी रसिकांना रडवलं” असं लिहिलं तर तो मेलेल्या माणसावरचा मजकूर वाटत होता. “बाईहून बाई” असं लिहिलं तर पानठेल्यावरची माणसं हसली, आणि तसं हसू नकोच होतं. ज्याला तूप विकता येतं, बियाणं विकता येतं, कधी न पाहिलेलं सागवान विकता येतं, त्याला डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस लोकांपुढे मांडता येईना. तो परचा मी छापला नाही. सुचलाच नाही, हे खरं कारण. इतक्या वर्षांनीही सुचलेला नाही.

पटाच्या दोन दिवस आधी चिचटोल्याहून निरोप आला, अलाउन्सिंगची, म्हणजे भोंग्यावरून जाहिरात करायची, गाडी निघते आहे, परचे वाटायला माणूस कमी आहे. मी स्वतःहून गेलो. चूक केलेला माणूस असा कुठेतरी हमाली करून मोकळं होऊ पाहतो. बैलगाडीवर भोंगा बांधला होता, शेजारी बॅटरी, आणि माइक धरून काशीरामभाऊ बसले होते. दरसाल गावचे गुरुजी ओरडत, पण त्यांचा घसा बसला होता. मंडळानं डोकं चालवलं होतं. बाईची जाहिरात बाईच्या आवाजात झाली तर लोक येतील, आणि बाईचा आवाज गावात एकाकडेच होता. नट्या तर पटाच्या दिवशीच येणार होत्या.

बैल जुंपेपर्यंत मी गाडीच्या कडेला उभा राहून हळूच म्हणालो, “काशीरामभाऊ, बोलताना तरी तो ‘च’ सोडा. कोण परचा घेऊन ताडून बघणार आहे?”

ते माझ्याकडे बघून थोडे हसले. “नाई जी. अठरा वर्षांत लेखकाचा शब्द मी नाई फिरवला.”

लेखक म्हणजे मी. तोवर मला कोणी लेखक म्हटलं नव्हतं. म्हटलं ते या माणसानं, आणि अशा वेळी.

बुधवारचा बाजार भरला होता. सुकी मासोळी, मिरच्या, मडकी, दोर. गाडी चिंचेखाली उभी राहिली. काशीरामभाऊंनी घसा खाकरला, हात खांद्याकडे नेला आणि माइक तोंडाशी धरला. जो आवाज निघाला तो मी शाळेत असताना ऐकलेला. जरा ओला, माहेराहून निघालेल्या बाईचा. “बाईचा पार्ट...” आणि तिथे ते थांबले. बाजारात कोणाच्या हातातली तागडी थांबावी इतकंच थांबले. “बाईच करणार.” त्या ‘च’वर त्यांनी असा काही भार दिला की चारी बाजूंनी माना वळल्या. माणसं गाडीत बाई शोधू लागली. सांगायची लाज वाटते, पण माझ्या अंगावर काटा आला तो आनंदानं. माझी ओळ इतकी सुंदर कोणी म्हटली नव्हती. हातात परचे होते म्हणून ते वाटत राहिलो.

बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाकडून एक आजी काठी टेकत आली. कमरेला कांद्यांचं गाठोडं. शब्द तिला ऐकू आले नसावेत, नुसत्या आवाजाच्या रोखानं आली. गाडीपाशी येऊन डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

“काशीच होय ना रे तू? म्या तिकून आवाज वळखला. यंदा कोनता पार्ट हाय तुहा?”

काशीरामभाऊंनी माइकचं बटण बंद केलं. आपल्या शेतातल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, “नाटक चांगलं हाय, माय. येजो.”

“येतो ना. तू हायस तं येतोच.” तिनं माझ्यापुढे हात केला. मी परचा दिला. तो उलटा धरून ती बघत राहिली, मग मीच सरळ करून दिला. “वाचून दाखव बाप्पा,” म्हणाली. मी नाटकाचं नाव वाचलं. गाव वाचलं, वार वाचला. तिनं मधल्या सगळ्यात मोठ्या ओळीवर बोट ठेवलं. “अन हे मोठं मोठं काय लिवलं हाय?”

ती ओळ मला पाठ होती. आजी माझ्या तोंडाकडे बघत होती, मी त्या अक्षरांकडे. सांगावं तर तिला इथूनच परत पाठवल्यासारखं होतं, आणि सांगू नये तर माझंच लिहिलेलं मला वाचता येत नव्हतं.

गाडीवरून काशीरामभाऊ वाकले. परच्याकडे न बघताच म्हणाले, “बायांले बसाची वेगळी सोय हाय म्हनते, माय.”

“हे बेस केलं,” आजी म्हणाली. परचा घडी करून तिनं कमरेला खोचला. “सुनेले बी आनतो मंग.”